आठव्या दिवसाची फोडणी

जयवंता माळणीनं झेंडूचा हार दाखवायला हात पुढं केला, तिच्या चोळीची बाही वर सरकली, आणि चंद्रभाननं सवयीप्रमाणे हार सोडून आधी तिच्या डाव्या दंडाकडे पाहिलं. दंड कोरा होता. चेहरा मात्र कपाळापासून हनुवटीपर्यंत देवीच्या वणांनी भरलेला, आणि दोन्ही डोळे पांढरे पडलेले. तिच्या मांडीवर सहा-सात महिन्यांची पोर झोपली होती, तिचाही दंड कोराच. चंद्रभान देवी टोचणारा. सरकारी नोकरी, पंचवीस वर्षांची. आधी सारी अमरावतीकडे, आणि या हिवाळ्यात बदली होऊन अकोल्यात. दंड पाहायचं त्याला व्यसनच होतं म्हणा ना. लोक माणसाचं तोंड पाहतात, कपडा पाहतात, पायातलं पाहतात. हा दंड पाहायचा. चार वण चौकोनात, दोनावर दोन, सारख्या अंतरावर दिसले की ओळखायचा, हा आपल्या हातचा. मग तो माणूस रेल्वेचा हमाल असो की कोर्टातला वकील, चंद्रभानला मनातून वाटायचं की याला आपण एकदा मांडीवर धरलेलं आहे. त्या माणसाला अर्थातच काही ठाऊक नसायचं. तो आपल्या वाटेनं निघून जायचा, आणि चंद्रभान रस्त्यात उभा राहायचा.

“कायची फांदी हाये जी हातात?” जयवंता म्हणाली. “पानं वाजून राहिले.” ती शिंदीची फांदी होती. झावळ्यांचा रविवार होता; थोड्या वेळानं ख्रिस्ती मंडळी अशाच फांद्या घेऊन आपल्या चर्चच्या देवळात जाणार होती, आणि पुढच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पुनरुत्थानाच्या दिवशी, वेदीपाशी ठेवायची फुलं सांगून ठेवायचं काम मंडळीनं चंद्रभानवर टाकलं होतं. एकटा माणूस, बायको वारलेली, पोरंबाळं नाहीत. असल्या कामांना तोच सापडायचा. त्यानं फांदीचं सांगितलं, फुलांचं सांगितलं. शेवंती आता मिळायची नाही, मोगरा आणि गुलाब मिळेल, पहाटे गोवर्धन, म्हणजे तिचा नवरा, मोर्णेच्या काठच्या मळ्यातून बंडीत घालून आणून देईल, असं ठरलं. ठरलं तेव्हाच निघायला हवं होतं. पण तोंडून निघून गेलं, “बाई, लहानपणी तुम्हाला टोचलं नव्हतं का?”

“टोचलं होतं ना जी. टोचलं म्हनून तं हे झालं.” बोटं थांबली नाहीत तिची. दोऱ्यात एक फूल, गाठ, पुन्हा फूल. “आमचं गाव तिकडं अंजनगाव सुर्जीपाशी. मी तीन वर्साची होती. टोचनीवाला आला, किरिस्तान होता म्हनत, अकरा पोरं टोचली त्यानं एका दिवशी. आठव्या दिवशी येतो म्हनला अन् आलाच नाई. मले दिसत होतं तवाचं काही ध्यानात नाई जी. मायचं तोंडबी नाई. एक त्याचं तट्टू ध्यानात हाये. त्याचा एक कान फाटला होता, असा, मधातून.” आणि तिनं हवेतच दोन बोटांनी कान चिरून दाखवला.

चंद्रभानच्या हातातली फांदी खाली पडली की त्यानं ठेवली, हे त्याला नंतर आठवेना. फाटक्या कानाचं तट्टू. उसाच्या बांधावर काटेरी तारेत अडकून कान चिरला होता त्याचा. चंद्रभाननंच टाके घातले होते, पण जुळला नाही तो नाही. या बाईनं सारा जन्म अंधारात काढला, आणि त्या अंधारात तिच्याजवळ उजेडातलं एकच चित्र होतं, ते त्याच्या तट्टूचं. तो दुकानापुढच्या पालथ्या टोपलीवर बसला. बसा म्हणून कुणी म्हणालं नव्हतं.

बावीस वर्षं झाली होती. एकोणीसशे पंधराचा मार्च संपत आला होता आणि वऱ्हाडचं ऊन तापायला लागलं होतं. लस नागपूरहून यायची, नळ्यांतून. ओल्या फडक्यात गुंडाळून, मडक्यातल्या ओल्या वाळूत पुरून ती गावोगाव न्यायची. त्या शुक्रवारी फडकं वाटेतच वाळून गेलं होतं. नळी हातात धरल्यावर कोमट लागली, हे त्याला स्पष्ट कळलं होतं. ऊन लागलं की लस मरते. वरून काही दिसत नाही. टोचलं ते लागलं की नाही हे आठव्या दिवशीच कळतं. फोड धरला तर लागलं, नाही धरला तर पुन्हा टोचायचं. म्हणून तर आठवा दिवस. साहेब लोक त्याला तपासणी म्हणत, पण गावात त्याचं निराळंच प्रकरण होतं. टोचणीवाल्यानं पोराच्या अंगात मातामाय, म्हणजे देवी, आणली असं बायका धरून चालायच्या. मग आठ दिवस घरात फोडणी नाही, तेल-मोहरीचा वास नाही, पोराच्या उशाशी कडुलिंबाचा डहाळा, आणि आठव्या दिवशी गार दहीभात. टोचणीवाल्यानं यायचं, दंड पाहायचा आणि दारात उभं राहून म्हणायचं, “द्या फोडणी.” तो म्हणेपर्यंत चूल जणू सुतकात. मग शेजारपाजारच्या चार घरांतून एकदम मोहरी तडतडायची. चंद्रभानला याची लाज वाटायची. आपण मिशनच्या शाळेत वाढलेले, एका देवाला मानणारे, आणि या मूर्तिपूजक खटाटोपात आपल्या तोंडून असले शब्द. पण म्हणून टाकायचा, कारण न म्हणावं तर बायका हलू देत नसत. दहीभाताला मात्र हात लावला नाही त्यानं कधी. उपास आहे म्हणायचा. पंचवीस वर्षांत इतके उपास सांगितले की खरे धरले असते तर देह राहिला नसता.

त्या अकरा पोरांचा आठवा दिवस नेमका उत्तम शुक्रवारी आला. प्रभूच्या मरणाचा दिवस. अमरावतीच्या देवळात भर दुपारी तीन तासांची उपासना असायची, वधस्तंभावरच्या सात उद्गारांची, आणि त्या वर्षी पाळकांनी पहिल्यांदाच सातांपैकी एका उद्गाराचं वाचन चंद्रभानला दिलं होतं. पाचव्याचं, ‘मला तहान लागली आहे’ या उद्गाराचं. चोवीस वर्षांचा होता तो. संवत छप्पनच्या दुष्काळात आईबाप गेले, बाप नत्थुजी रस्ताकामावर खडी फोडता फोडता, आई त्याच्या आधी. आठ-नऊ वर्षांचं पोर मिशनच्या अनाथालयात येऊन पडलं आणि तिथं वरणभात आणि शुद्ध भाषा दोन्ही शिकलं. त्या पोरानं सगळ्या मंडळीसमोर उभं राहून वाचायचं. दुसऱ्या बाजूला अंजनगावाकडचं एक गाव, अकरा दंड आणि कोमट लागलेली नळी. त्यानं स्वतःला सांगितलं की देवाचं काम आधी. गुरुवारी संध्याकाळी कंदिलाशी बसून नोंदवहीत अकराही नावांपुढे ‘लागली’ असं लिहिलं. ईस्टर झाला की जाऊन पाहू, कमीजास्त असेल ते दुरुस्त करू, असंही म्हणाला स्वतःशी. शुक्रवारी त्यानं वाचलं, आणि असं वाचलं की मागच्या बाकावर मिशन शाळेतली सत्यवती नावाची मास्तरीण रडली. वर्षाच्या आत तिनं त्याच्याशी लग्न केलं. त्या वाचनामुळंच केलं. ती स्वतः सांगायची. चौदा वर्षांच्या संसारात आनंदाच्या भरात तिनं त्या दुपारची आठवण काढली की चंद्रभान उठून तट्टूला पाणी पाजायला जायचा. तिला वाटायचं, किती संकोची माणूस.

ईस्टरनंतर जाणं झालंच नाही. सोमवारी हुकूम आला, मेळघाटाकडे निघा. वैशाखात त्या गावात देवी शिरली, टोचलेल्यांपैकी दोन मुलं गेली, एकाचे डोळे गेले, हे त्याला पुढं कचेरीत कळलं. लस लागूनही देवी निघाली असा शेरा मारून साहेबानं कागद खाली ठेवला. लसच वाईट आली असेल म्हणाला. चंद्रभान समोर उभा होता. बोलला नाही. तेव्हा बोलला नाही म्हणजे मग कधीच बोलला नाही. त्या गावाच्या वाटेला गेला नाही. देवळात पुन्हा कधी वाचायला उभा राहिला नाही, घसा धरतो म्हणाला. आणि आठवा दिवस मात्र एकही चुकवला नाही. पूर आला तर पोहून गेला, ताप असला तर तापात गेला, सत्यवतीला मूठमाती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी चांदूरकडच्या सात पोरांचा आठवा दिवस होता, तेव्हाही गेला. लोक म्हणायचे, काय हा नेकीचा माणूस. नेकी कसली, तो दंड भरत होता. दंडच म्हणायचा मनात. रोज थोडा भरायचा आणि रोज तेवढाच शिल्लक. देव देवळात होता, तिथं चंद्रभान सर्वांत मागे बसायचा. आणि गावोगावच्या ओट्यांवर त्याचं काम होतं, तिथं त्याच्या मते देवाचा काही संबंध नव्हता, कारण तिथं चंद्रभाननं त्याला एकदा फसवलं होतं.

“मायनं दिवसभर वाट पाह्यली,” जयवंता सांगत होती. तिला काय माहीत ऐकणारा कोण. “सारं गाव वाट पाह्यत होतं, पन सांजीले बाकीच्यायनं सोडून देल्लं. माय दिवा लागला तरी बसली. मंग आमचा बाप मळ्यातून आला अन् म्हने, किती दिवस फिकं खाऊ, तो काही येत नाई आता. मायनं वरनाले फोडनी देल्ली. अन् महिन्यानं मले मातामाय निघाली, मोठी. डोये गेले. मायनं घेतलं ते मनावर. फोडनी देल्ली म्हनून मातामाय कोपली, माह्यानं पोरगी आंधळी झाली, हेच. मरेलोक तिनं घरात फोडनी देल्ली नाई जी. बारा वर्सं. आमी सारे बेचव खाऊन मोठे झालो.” ती हसली थोडी. मांडीवरची पोर चुळबुळली, तिला थोपटलं. “म्हनून मी इले टोचू देत नाई. किती आले, किती गेले सरकारी. टोचनी आमच्या घरले बाधते.”

देवळाची पहिली घंटा झाली. अजून अर्धा तास होता. उठता आलं असतं. फुलांचं ठरलं होतं, फांदी पायाशी होती. बाईला त्याचं तोंड दिसत नव्हतं, आवाज ओळखायचं कारण नव्हतं. चंद्रभानला त्या क्षणी आठवली ती कधी न पाहिलेली एक बाई, दिवा लागल्यावरही दारात बसलेली, पोटाशी पोर, मागं गार चूल. बावीस वर्षं तो स्वतःच्या पापाचाच विचार करत आला होता. ते पाप आपल्याऐवजी दुसरंच कुणी भरून मेलं, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली. एवढं मोठं दुःख आपण एकट्याचं धरून बसलो, देवळात मागच्या बाकावर ते घेऊन बसलो, आणि ते निम्मंसुद्धा आपलं नव्हतं.

“बाई,” तो म्हणाला, “तुमच्या आईची चूक नव्हती. फोडणीचा काही संबंध नाही. लस मेलेली होती. मी आठव्या दिवशी आलो असतो तर दिसलं असतं, पुन्हा टोचलं असतं. मी आलो नाही. तो टोचणीवाला मी.”

तिची बोटं थांबली. फुलांच्या ओळीत दुसऱ्या माळणी गिऱ्हाईकांशी घासाघीस करत होत्या, कुणाचंच लक्ष नव्हतं. मग तिनं विचारलं, “कावून नाई आले?”

“देवळात होतो. आमचा सण होता.”

“सन,” ती म्हणाली. आणि मग, “जा तुमी.”

तो उठला. फांदी उचलायची राहिली. वीसेक पावलं गेला असेल. मन अगदी रिकामं होतं. सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात, तसलं काही झालं नव्हतं. उलट आता जगात एक माणूस असं होतं ज्याला तो कोण हे पुरतं ठाऊक होतं, आणि त्या माणसानं त्याला जा म्हणून सांगितलं होतं. मागून तिची हाक आली, मोठ्यानं, फुलं विकण्याच्या आवाजात. “ओ टोचनीवाले. इकडं या.” तो परत आला. तिनं तोंड त्याच्याकडे केलं नाही, त्याच्या थोडं डावीकडे केलं. “म्हंजे टोचनी खराब नोती. मानूस खराब होता.”

“हो.”

“हे मायले कोनी सांगतलं असतं तं.” पोरीचा दंड तिनं चाचपला, वरपासून कोपरापर्यंत, भाजी घेताना चाचपतात तसा. “पेटी हाये काय घरी? ताजी लस?”

“आहे. कालच आली.”

“आना मंग.”

चंद्रभान खोलीवर गेला. रस्त्यात मंडळीतली माणसं फांद्या घेऊन उलट दिशेनं येत होती, कुणी हात केला, त्यानंही केला. खोलीत मडक्यातली वाळू बोटांनी उकरून नळी काढली. गार होती. नवं ओलं फडकं, पत्र्याची पेटी, स्पिरिटचा दिवा. परत आला तेव्हा दुकान शेजारणीवर सोपवून जयवंता घरी निघाली होती. तो मागून चालला. मोर्णेकडच्या बोळात दोन खोल्यांचं घर, ओट्यावर तिची नणंद शालू तांदूळ निवडत बसलेली. शालूनं पेटी पाहिली आणि म्हणाली, “वहिनी, दादाले इचारलं काय?” जयवंता म्हणाली, “पोरगी माही हाये.” शालूनं पुन्हा तांदळात बोटं घातली. त्यानं हात धुतले, सुरी दिव्यावर धरली, निवू दिली. पोरीचा दंड डाव्या मुठीत घेतला आणि कातडी ताणली. हे त्यानं किती हजार वेळा केलं असेल, आणि प्रत्येक वेळी मनात एकच चालायचं: क्षमा कर, क्षमा कर, प्रत्येक ओरखड्याला एक. आज ते आलं नाही. आज फक्त दंड होता, ऊबदार, मऊ, दुधाचा वास येणारा, आणि त्यावर चार जागा. दोनावर दोन. पोर किंचाळली. लस वाळेपर्यंत त्यानं फुंकर घातली नाही, हात हलवू दिला नाही, नुसतं धरून बसला. लांब देवळात गाणं सुरू झालेलं ऐकू येत होतं. तिथं आहे तोच इथं आहे, असं त्याला वाटलं, आणि इतकं साधं वाटलं की बावीस वर्षं आपण हे कसं चुकवलं याचं आधी आश्चर्य आणि मागून फार वाईट वाटलं.

“आठवा दिवस कवा?” जयवंतानं विचारलं.

त्यानं बोटं मोजली. मोजायची गरज नव्हती. “पुढचा रविवार.”

“तुमचा सन असन मंग. फुलं सांगतले ना तुमी.”

“आहे,” तो म्हणाला. “मी येतो.”

तो आठवडा कसा गेला ते चंद्रभानलाच ठाऊक. रात्री झोप नाही. लस ताजी होती, गार होती, सारं नीट होतं. तरी लागेलच असं कुठं असतं. शुक्रवारी तीन तासांच्या उपासनेला तो गेला, मागच्या बाकावर बसला. पाचव्या उद्गाराला कुणीतरी मॅट्रिकचा पोरगा उभा राहिला, चांगलं वाचलं त्यानं. शनिवारी हेमचंद्र पाळकांना त्यानं सांगितलं की फुलं गोवर्धन माळी आणून देईल, मी उद्या नाही. पाळक भले गृहस्थ. म्हणाले, “ईस्टरला नाही? कुठं निघालात?” “देवी पाहायला.” “अहो, परवा पाहा.” “परवा नववा दिवस,” चंद्रभान म्हणाला. पाळकांनी त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी विचारावंसं वाटलं असावं त्यांना, पण दारात आणखी माणसं आली.

रविवारी सकाळी तो बोळात शिरला तेव्हा घराच्या दाराला लिंबाचा डहाळा लावलेला होता आणि जयवंता उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर पोर घेऊन, दाराला पाठ टेकून. कधीपासून बसली होती कोण जाणे. त्याच्या पावलांचा आवाज आला तसा तिनं पदर सारखा केला. तो खाली बसला. पोरीचा दंड उजेडाकडे वळवला. पोरगी त्याच्या मिशा पाहत होती. चारांपैकी दोन जागा वाळून गेल्या होत्या, खपलीसुद्धा उडायला आली होती. दोन मात्र धरल्या होत्या, गोल, टपोऱ्या, मधे खळगा, भोवती लाली. नीट लागली होती.

“सांगा जी,” जयवंता म्हणाली. “खरं सांगजा.”

“चारांतल्या दोन लागल्या. दोन नाही लागल्या. दोन पुरतात.”

तिनं बोट पुढं केलं. त्यानं ते धरलं आणि फोडावर न ठेवता बाजूच्या लाल कातडीवर टेकवलं. तिथं गरम लागतं. ती बराच वेळ तशीच राहिली. मग आतून शालूनं थाळी आणली, गार दहीभात, वर लिंबाची दोन पानं. जयवंता म्हणाली, “मातामायले दाखवला हाये आधी. तुमाले चालत नाई म्हने माय. उपास सांगत तुमी.” चंद्रभाननं थाळी घेतली. डोळे मिटून पित्याचे आभार मानले, नेहमीच्याच शब्दांत, आणि भात खाल्ला. आळणी होता. शेवटचं शीतसुद्धा ठेवलं नाही. देवळातली मोठी घंटा वाजायला लागली होती, पुनरुत्थानाची, थांबता थांबत नव्हती. त्यानं हात धुतले, पेटी उचलली, ओट्याखाली उतरला.

“जाऊन राहिले का?” जयवंता म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला. “म्हना ना. मायनं आयकलं नाई ते.”

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तो वळला, दारासमोर नीट उभा राहिला, टोपी काढली. या शब्दांची ज्याला जन्मभर लाज वाटली तो माणूस आता ते म्हणायला घाबरत होता, नीट म्हटले जावेत म्हणून.

“द्या फोडणी,” तो म्हणाला.

आत काही वेळ काहीच झालं नाही. शालूनं तेल तापू दिलं असणार. मग मोहरी तडतडली, एकदम, भरपूर, आणि वास बोळभर झाला. जयवंता उंबऱ्यावर बसून रडत होती. चंद्रभान पेटी धरून उन्हात तसाच उभा राहिला.